मोटार व ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीसाठीं बोल्टची निवड

गेल्या हंगामांत कापूस भरलेली आमची ट्रॉली बाभुळगांवाहून धामणगांवच्या रस्त्यानें जात असतां एका नाल्याच्या चढावर ट्रॅक्टरच्या मागील हुकाचा जोड सुटला. ट्रॉली मागें घसरत जाऊन रस्त्याच्या कडेच्या चरांत कलंडली. त्या वेळीं मागें कोणी नव्हतें, म्हणून केवळ कापसाच्या नासाडीवर निभावलें. एखादी बैलगाडी अथवा शाळेंतून परतणारीं मुलें मागें असतीं तर हा लेख लिहिण्याचें आमच्यानें झालें नसतें. दुसऱ्या दिवशीं तुटलेले चारही बोल्ट आम्हीं समोर मांडून पाहिले. तिघांच्या डोक्यावर कारखान्याची खूण व ८.८ असे आंकडे होते. चौथ्याचें डोकें कोरें होतें. तो आम्हींच पंधरा दिवसांपूर्वीं, हरवलेल्या बोल्टच्या जागीं, बाजारांतून आणून बसविला होता. जाडी तीच, लांबी तीच, पानाही तोच लागे. दोष दुकानदाराचा नव्हे. आम्हीं "एवढा बोल्ट द्या" म्हणून मागितला आणि त्यानें तेवढा दिला.

ही चूक आमच्या एकट्याची खास नाहीं. आमच्या तालुक्यांत नांगरट, पेरणी, मळणी व मालाची वाहतूक हीं कामें आज मोठ्या प्रमाणांत ट्रॅक्टरवर चालतात; पुष्कळ घरीं जीप अथवा मोटारही आहे. मोठी दुरुस्ती आपण मिस्त्रीकडे नेतों. पण हरवलेला किंवा आटे मेलेला बोल्ट बदलण्याचें काम बहुधा घरच्या घरीं उरकलें जातें. म्हणून बोल्ट कसा ओळखावा, कसा मागावा व कसा बसवावा, एवढें प्रत्येक मालकास ठाऊक असलें पाहिजे.

बोल्टचें खरें काम

बोल्ट खुंटीसारखा नुसता आडवा राहून भार पेलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेक जोडांत ती बरोबर नाहीं. कडब्याची गाडी भरल्यावर आपण दोर आवळून बांधतों. दोर ताणलेला असतो तोंवर पेंढ्या एकमेकींस घट्ट धरून राहतात, आणि तो सैल पडला कीं पहिल्या खड्ड्यांतच गाडी ढांसळते. बोल्टचेंही तसेंच आहे. नट आवळतांना बोल्ट केसभर लांबतो आणि मूळ लांबीवर येण्याच्या ओढीनें जोडाचे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. गाडीचा भार मुख्यतः या दाबलेल्या पृष्ठभागांतील घर्षणानें पेलला जातो.

चार बोल्टांपैकीं एक मऊ असला म्हणजे तो पुरेसा ताण धरूं शकत नाहीं. थोडक्या जोरानें तो कायमचा लांबतो व त्याची पकड जाते. मग त्याचा वांटा इतर तिघांवर पडतो. जोडाचे भाग एकमेकांवर सरकूं लागतात आणि प्रत्येक खड्ड्यागणिक उरलेले बोल्ट इकडून तिकडे वांकतात. तार वारंवार मागेंपुढें वांकविली कीं शेवटीं तुटते, तसेच हे चांगले बोल्टही तुटतात. आमच्या हुकाचे तीन चांगले बोल्ट चौथ्याच्या संगतीनें गेले ते याच रीतीनें.

डोक्यावरचे आंकडे

मिलिमीटर मापाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर बहुधा ८.८, १०.९ अथवा १२.९ असे आंकडे उठविलेले असतात. हे आंकडे जाडीचे नव्हेत, बळाचे आहेत. पहिल्या आंकड्यास १०० नें गुणलें म्हणजे एक चौरस मिलिमीटर पोलाद किती न्यूटन ओढीस तुटेल तें कळतें; दहा न्यूटन म्हणजे सुमारें एक किलो वजनाची ओढ. दुसरा आंकडा असें सांगतो कीं, त्या ओढीच्या किती दशांशास बोल्ट कायमचा लांबूं लागेल. म्हणजे ८.८ जातीचा बोल्ट ८०० न्यूटनांस तुटावयाचा आणि त्याच्या आठ दशांश, ६४० न्यूटनांस, लांबावयाचा. साधा मऊ बोल्ट बहुधा ४.६ जातीचा असतो. तो २४० न्यूटनांसच लांबूं लागतो.

याचा अर्थ प्रत्यक्षांत काय होतो तें पाहूं. १२ मिलिमीटर जाडीच्या, मोठ्या आट्यांच्या बोल्टचें हिशेबी क्षेत्र सुमारें ८४ चौरस मिलिमीटर भरतें. असा बोल्ट ४.६ जातीचा असल्यास सुमारें २ टन ओढीस लांबूं लागतो, ८.८ जातीचा सुमारें साडेपांच टनांस, आणि १०.९ जातीचा सुमारें पावणेआठ टनांस. तिन्ही बोल्ट दुरून एकसारखेच दिसतात.

बाजारांत ८.८ व त्यावरील बोल्टांस एच. टी. बोल्ट म्हणतात. ज्याच्या डोक्यावर कांहींच आंकडा नाहीं तो मऊच आहे असें धरून चालावें. तो ट्रॉलीच्या फाळक्यास, गोठ्याच्या पत्र्यास वा कुंपणास खुशाल लावावा. पण ब्रेक, सुकाणू, चाक, पाट्याचे यू-बोल्ट आणि हूक या ठिकाणीं कधींही लावूं नये. चकाकीसही भुलूं नये. न गंजणाऱ्या पोलादाच्या बोल्टवर बहुधा ए २-७० अशी खूण असते. तो ७०० न्यूटनांस तुटतो व सुमारें ४५० न्यूटनांस लांबूं लागतो, म्हणजे दिसण्यांत देखणा असून ८.८ हून उणा. इंची मापाच्या बोल्टवर आंकड्यांऐवजीं रेघा असतात: तीन रेघांचा बोल्ट साधारणपणें ८.८ च्या जोडीचा, सहा रेघांचा १०.९ च्या जोडीचा.

सूत, मिलिमीटर आणि पान्याचा नंबर

आपल्याकडे बोल्ट अजून सुतांत मागितला जातो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. हा वारसा इंग्लंडचा आहे. तेथें जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें माप ठरवून दिलें आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा धरला. अमेरिकेंत ६० अंशांचा कोन रूढ झाला, आणि १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं ६० अंशांचे सामाईक इंची आटे मान्य केले. आपल्या देशांत १९५६ सालीं वजनमापांचा कायदा होऊन १९५८ पासून दशमान पद्धति टप्प्याटप्प्यानें आली. मिलिमीटरच्या बोल्टचे आटेही ६० अंशांचेच, पण त्यांचें अंतर निराळें.

परिणामीं एकाच वाड्यांत तीन घराण्यांचे बोल्ट नांदतात. गांवच्या वेल्डरनें बांधलेल्या ट्रॉलीस सुती बोल्ट, जुन्या विलायती आराखड्याच्या ट्रॅक्टरास अथवा जीपला बारीक इंची आटे, आणि नव्या गाडीस मिलिमीटर. १२ मिलिमीटरचा बोल्ट चार सुती नटांत सहज जातो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आट्यांच्या केवळ टोकांवर लटकलेला असतो आणि खरा ताण आला कीं निसटतो.

दुसरा घोटाळा पान्याच्या नंबराचा. "१७ चा बोल्ट द्या" असें मागण्याची रीत आहे; परंतु १७ हें डोक्याचें माप, जाडीचें नव्हे. पुष्कळ गाड्यांत १३ नंबरचें डोकें ८ मिलिमीटरच्या बोल्टास, १७ चें १० मिलिमीटरच्या आणि १९ चें १२ मिलिमीटरच्या बोल्टास असतें. जपानी धर्तीच्या गाड्यांत मात्र १२ नंबरचें डोकें ८ मिलिमीटरच्या, १४ चें १० मिलिमीटरच्या आणि १७ चें १२ मिलिमीटरच्या बोल्टास येतें. म्हणजे १७ चा बोल्ट १० मिलिमीटरचाही असूं शकतो व १२ चाही. यास्तव जाडी नेहमीं आट्यांवर मोजावी.

आटे

आमच्याकडील कारागीर आट्यांस चुडी म्हणतात. जाडी एक असूनही चुडी मोठी वा बारीक असूं शकते. १० मिलिमीटरच्या बोल्टचे आटे १.५ अथवा १.२५ मिलिमीटर अंतराचे, तर १२ मिलिमीटरच्या बोल्टचे १.७५, १.५ अथवा १.२५ मिलिमीटर अंतराचे मिळतात. गाड्यांमध्यें बारीक चुडी पुष्कळ ठिकाणीं वापरलेली असते. आटे मोजण्याचें खास साधन नसलें तरी अडत नाहीं. साध्या पट्टीनें पहिल्या आट्याच्या टोंकापासून अकराव्याच्या टोंकापर्यंत अंतर मोजावें, तें १७.५ मिलिमीटर भरल्यास आटे १.७५ चे, १५ भरल्यास १.५ चे, १२.५ भरल्यास १.२५ चे. दुसरी रीत याहून सोपी आहे. जुना व नवा बोल्ट आटे आटयांत बसवून उजेडाकडे धरावे. मधून कोठेंही फट दिसतां कामा नये.

तिसरी परीक्षा बोटांची. नवा बोल्ट नटांत अथवा भोंकांत बोटांनींच शेवटपर्यंत फिरला पाहिजे. स्वच्छ केलेल्या आट्यांत तो दोन फेऱ्यांनंतर अडला तर पाना हातीं न घेतां बोल्ट बाहेर काढावा. बोल्ट दहा-वीस रुपयांचा असेल. पण चुकीच्या बोल्टनें हबांतील अथवा गिअरपेटीच्या ओतीव भागांतील आटे एकदां मारले कीं खर्च हजारांवर जातो.

लांबी, नट व वायसर

साध्या षट्कोनी बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात, डोक्यासकट नव्हे. जेथें दोन भाग एकमेकांवर आडवे ओढले जातात तेथें बोल्टचा गुळगुळीत भाग यावा, आटे येऊं नयेत. नट आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसावेत. बंद भोंकांत बोल्ट किती आंत जावा यासही प्रमाण आहे: पोलादांत निदान जाडीइतका, बिडांत दीडपट, अॅल्युमिनियमांत दुप्पट. त्याहून आखूड बोल्ट आटे उपटून आणतो. फाजील लांब बोल्ट तळास टेकतो. पान्यास तो घट्ट लागतो, पण जोड ढिलाच राहतो.

८.८ च्या बोल्टास ८ ची खूण असलेला, १०.९ च्या बोल्टास १० ची खूण असलेला नट लावावा. उत्तम बोल्टास मऊ नट लावणें म्हणजे साखळदंडास सुतळीची गांठ मारणें होय. आंत नायलॉनचें कडें असलेला नट महत्त्वाच्या जागीं एकदां काढल्यावर पुन्हां वापरूं नये, आणि धुराच्या नळीजवळ तर मुळींच लावूं नये. स्प्रिंग वायसरवर आपला फार विश्वास असतो. गेर्हार्ट युंकर या जर्मन अभियंत्यानें १९६९ सालीं दाखवून दिलें कीं, नट सैल होतो तो मुख्यतः जोडाच्या आडव्या सरकण्यामुळें. तें सरकणें थांबतें योग्य आवळण्यानें. वायसर त्याची उणीव भरून काढीत नाहीं.

आणखी एक गोष्ट. एच. टी. बोल्टास बळ येतें तें पोलाद तापवून, विझवून व पुन्हां बेतानें तापवून. त्यावर वेल्डिंग केलें कीं हें पाणी उतरतें अथवा पोलाद ठिसूळ होतें. हुकाचा वा चाकाचा बोल्ट सुटूं नये म्हणून त्यास वेल्डिंगचा टांका मारण्याची संवय आमच्याकडे आहे. ती सोडून दिली पाहिजे.

चाकांचे नट

चाकाच्या नटाची बैठक तीन प्रकारची असते: शंकूसारखी उतरती, गोलाकार आणि सपाट. चाकाच्या भोंकाचा घाट ज्या बैठकीचा, नटही त्याच बैठकीचा हवा. उतरत्या भोंकांत सपाट नट लावला तर तो केवळ कडेवर टेकतो आणि थोड्याच प्रवासांत सैल होतो. विलीज धर्तीच्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तेथें नेहमींच्या दिशेनें सोडावयास गेल्यास नट अधिकच आवळला जातो व अखेर स्टड तुटतो. नट आवळतांना एकामागून एक न आवळतां समोरासमोरचे आवळावेत, आणि चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरांनंतर पुन्हां एकदां तपासावेत.

तुटावयाचाच बोल्ट

येथवर वाचून कोणी सर्वच जागीं १०.९ चे बोल्ट बसवील, तर तोही मोठा घात होईल. रोटाव्हेटर व त्यासारख्या पुष्कळ यंत्रांच्या दांड्यांत एक बोल्ट मुद्दाम बेताच्या बळाचा ठेवलेला असतो. जमिनींत दगड वा बाभळीचें खोड लागलें म्हणजे तो स्वतः तुटतो आणि गिअरपेटी वांचवितो. पेरणीच्या घाईंत तो दोनदां तुटला कीं गडी वैतागून तेथें कठीण बोल्ट ठोकतो. बोल्ट मग तुटत नाहीं. त्याच्याऐवजीं दांडा अथवा दांते तुटतात आणि ऐन वाफशाचे दिवस दुरुस्तींत जातात. यंत्राच्या पुस्तकांत जी जात सांगितली असेल तीच तेथें घालावी आणि असे चार-सहा बोल्ट यंत्राच्या पेटींतच ठेवावेत. सारांश, बळकट बोल्ट तो चांगला असें नव्हे. ज्या जागीं जो नेमलेला आहे तो चांगला.

खरेदी

दुकानीं जातांना जुना बोल्ट त्याच्या नट-वायसरासह बरोबर न्यावा. तो हरवला असेल तर त्याच जोडांतील शेजारचा काढून न्यावा. मात्र तोंवर गाडी हलवूं नये. मागणी पूर्ण शब्दांत करावी: "१२ मिलिमीटर जाडी, १.७५ ची चुडी, ५० मिलिमीटर लांबी, ८.८, नटासह." पांच गोष्टी सांगितल्या कीं दुकानदारालाही सोयीचें होतें. डोक्यावर आंकडा व बनविणाऱ्याची खूण दोन्ही आहेत कीं नाहींत तें उजेडांत पाहावें. शक्य तर नामांकित कारखान्याच्या पुडक्यांतील माल घ्यावा आणि पावतीवर जात लिहून घ्यावी. बाभुळगांवीं न मिळाल्यास यवतमाळ वा धामणगांवास, तेथेंही न मिळाल्यास अमरावती-नागपुरास चौकशी करावी. परंतु मिळाला नाहीं म्हणून जवळपासच्या मापाचा घेऊं नये. भंगारांतील एच. टी. बोल्ट स्वस्त दिसतो, पण तो पूर्वीं किती ताणला गेला आहे तें डोळ्यांस दिसत नाहीं.

इंजिनाच्या डोक्याचे, कनेक्टिंग रॉडचे व फ्लायव्हीलचे बोल्ट मात्र गाडीच्या क्रमांकावरून अधिकृत विक्रेत्याकडूनच मागवावेत. यांपैकीं कित्येक मुद्दाम लांबेपर्यंत आवळावयाचे असतात आणि एकदांच वापरतां येतात.

आवळणें

पान्यावर लावलेल्या जोरापैकीं सुमारें नऊ दशांश घर्षणांतच खर्च होतो. एक दशांशानें काय तो बोल्ट ताणला जातो. म्हणून गंजलेल्या आट्यांवर पुष्कळ जोर लावूनही जोड ढिला राहतो, आणि तेल लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोरानें बोल्ट फाजील ताणला जातो. आटे तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावेत आणि तेलाविषयीं गाडीच्या पुस्तकांत असेल तसें करावें. मोठ्या चुडीच्या १२ मिलिमीटर ८.८ बोल्टास साधारण ८० न्यूटन-मीटर जोर पुरतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोंकास सुमारें १६ किलोची ओढ. पान्यास एक मीटरचा पाइप लावून गड्यानें ४० किलोचा रेटा दिला तर हा जोर पांचपट होतो, आणि बोल्ट बसतांना नव्हे तर बसवितांनाच मरतो. चार-सहा शेतकऱ्यांनीं मिळून एक टॉर्क पाना घेतला तर तो वर्षानुवर्षें पुरेल.

आमच्या संघाच्या सभासदांस आमची एवढीच विनंती आहे. कापूस वेचणीस येण्यापूर्वीं एक सकाळ काढून ट्रॅक्टरचा हूक, ट्रॉलीचा दांडा आणि सर्व चाकें यांचे बोल्ट पुसून त्यांच्या डोक्यांवरचे आंकडे वाचावेत. एका जोडांत निरनिराळीं डोकीं दिसलीं, अथवा एखादें कोरें दिसलें, तर तो जोड त्याच दिवशीं दुरुस्त करावा. आमचा कोरा बोल्ट आम्हीं वैठकीच्या कोनाड्यांत ठेवला आहे. त्याची किंमत पंधरा रुपयांहून अधिक नव्हती; त्या चढावर त्यानें आमच्याकडून किती घेतलें असतें, याचा हिशेब करण्याची वेळ सुदैवानेंच टळली.